तारण झाले का?

आमच्या गावच्या बसस्टँडसमोर एका पतपेढीची पाटी आहे. ‘सोने तारण कर्ज त्वरित मिळेल.’ त्या पाटीखाली उभे असताना एका तरुणाने आमच्या गणिताच्या सरांना विचारले, ‘‘सर, तुमचं तारण झालंय काय?’’

क्षणभर मला वाटले, याने कुठल्या तरी पतपेढीत नोकरी धरली असावी. मग त्याच्या काखेतल्या झोळीतून डोकावणारी छोटी पुस्तके दिसली आणि उलगडा झाला. मुलगा आमच्याच शाळेतला, सरांच्या हाताखाली शिकलेला. घराणे कॅथलिक, मूळचे गोव्याकडचे, चार पिढ्यांपूर्वी खानापूर तालुक्यात येऊन स्थिरावलेले. अलीकडे तो एका नव्या प्रार्थनामंडळीत जाऊ लागला होता. सरही कॅथलिकच. घरी कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड आणि देवळात या तिन्ही, असा त्यांचा संसार. बेळगाव भागातल्या आपणा सर्वांना ही तीन-चार भाषांची कसरत काही नवी नाही.

सरांनी छत्री मिटली, पाणी झटकले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘झालंय. होतंय. आणि होईल, अशी आशा आहे.’’

‘‘सर, हो की नाही ते सांगा.’’

‘‘तेच सांगितलं की, बाबा.’’

तेवढ्यात नंदगडची गाडी लागली आणि संभाषण तिथेच तुटले. पण ते उत्तर माझ्या डोक्यात घोळत राहिले. खरे सांगायचे तर मला ते आवडले नव्हते. वर्गात एखाद्या मुलाने असे तीन काळांत उत्तर दिले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर का नसावे? मी सरांना हे बोलूनही दाखवले. पुढे कित्येक महिने, मधल्या सुट्टीत, डबे उघडता उघडता, आमची या एका प्रश्नावर चर्चा चालली. तिच्यातून मला जे उमगले आणि जे माझ्या अंगावर आले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

प्रथम प्रश्न विचारणाऱ्याची बाजू. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. त्याच्यामागे एक खरे दुःख आणि एक खरा दिलासा आहे. मार्टिन ल्यूथर हा जर्मन संन्यासी एरफुर्टच्या मठात उपास करीत होता, जागरणे करीत होता, पुन्हा पुन्हा पापांची कबुली देत होता. तरी देव आपल्याला स्वीकारील की नाही या भीतीने तो पोखरून गेला होता. मग त्याला पौलाच्या पत्रांत सापडले की तारण हे कमवायचे नसते, ते कृपेने मिळते आणि विश्वासाने घ्यायचे असते. १५१७ नंतर युरोपात जे वादळ उठले त्याच्या मुळाशी एका घाबरलेल्या माणसाचा हा सुटकेचा निःश्वास होता. पुढे इंग्लंडात जॉन वेस्लीलाही २४ मे १७३८ च्या संध्याकाळी असाच अनुभव आला; ख्रिस्ताने आपली, अगदी आपलीसुद्धा पापे दूर केली आहेत अशी खात्री त्याच्या मनात उतरली. ज्याला अशी खात्री लाभली तो दुसऱ्याला विचारणारच, ‘तुला लाभली का?’ विहिरीला पाणी लागलेला माणूस शेजाऱ्याला विचारतो, तसेच हे.

मग कॅथलिक माणूस या प्रश्नापाशी का अडखळतो? सरांचे म्हणणे असे, की तो अडखळत नाही. प्रश्नात एकच काळ आहे आणि वस्तुस्थितीत तीन आहेत, एवढेच. आणि हे तीन काळ काही त्यांनी पदरचे घातलेले नव्हते. पौलाच्या पत्रांतच ते आहेत. रोमकरांस लिहिताना एका ठिकाणी तो तारण झाल्याचे सांगतो, आणि तेही आशेच्या पोटी झाल्याचे. त्याच पत्रात दुसरीकडे, आपले तारण पुढे होणार आहे असे म्हणतो. करिंथकरांस लिहिताना, ज्यांचे तारण होत आहे अशा लोकांविषयी बोलतो. फिलिप्पैकरांना तर भीतभीत, कापत आपले तारण साधून घ्या असे बजावतो. आणि स्वतःविषयी काय म्हणतो? माझे मन मला कशाचाही दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. माझा न्याय करणारा प्रभू आहे. ज्याने अर्धे जग पायी तुडवले, फटके खाल्ले, तुरुंग भोगले, तो माणूस आपल्या निकालाचा कागद स्वतः लिहायला तयार नाही.

ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी या विषयावर आपला निर्णय दिला. देवाच्या दयेविषयी, ख्रिस्ताच्या पुण्याविषयी कुणी शंका धरू नये; पण स्वतःच्या दुर्बळतेकडे पाहता, आपण कृपेत आहोत हे कुणालाही अचूक, न चुकणाऱ्या खात्रीने सांगता येत नाही, आणि खास साक्षात्कार झाल्यावाचून आपण शेवटपर्यंत टिकूच असेही कुणी छातीठोकपणे म्हणू नये. बारकाईने पाहिले तर यात संशय देवावर नाही. संशय आहे तो आपल्यावर.

सर हे सांगत असताना मी म्हणालो, ‘‘म्हणजे परीक्षा दिलेल्या मुलासारखं झालं. पेपर लिहिला, निकाल लागायचाय.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘तिथंच चुकता तुम्ही हेडमास्तर लोक. परीक्षेत मार्क मिळवायचे असतात. इथं मिळवण्यासारखं आपल्याकडं काही नाही. सुरुवात त्याची, मधलं त्याचं, शेवटही त्याचाच.’’

‘‘मग काळजी कसली?’’

‘‘मी हात सोडीन ही.’’

यावर मला आपल्याकडचे एक जुने भांडण आठवले. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन पंथ पडले. एक म्हणतो, जीवाची तऱ्हा मांजराच्या पिलासारखी: आई मानगूट धरून उचलते, पिलाला काहीच करावे लागत नाही. दुसरा म्हणतो, माकडाच्या पिलासारखी: आई उडी मारते खरी, पण पिलाला तिच्या पोटाला घट्ट धरून राहावे लागते. मार्जारकिशोर आणि मर्कटकिशोर. मी सरांना विचारले, तुमचे लोक यातले कोणते? ते बराच वेळ हसले. म्हणाले, ‘‘मांजरच. पण आमचं पिलू धडपडून सुटूही शकतं. आणि सुटून पडलं तर मांजर परत येऊन उचलतं. कुमसार कशाला असतो मग?’’ कुमसार म्हणजे पाद्रींपाशी पापांची कबुली देऊन क्षमा मागणे.

या विषयातले सर्वांत सुंदर उत्तर मात्र कुणा पंडिताचे नाही. ते एका एकोणीस-एक वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलीचे आहे. १४३१ साली फ्रान्समध्ये रुआँ येथे जोन ऑफ आर्कवर खटला चालला. तिला विचारण्यात आले, तू देवाच्या कृपेत आहेस हे तुला ठाऊक आहे काय? प्रश्न म्हणजे सापळा होता. ‘आहे’ म्हणावे तर कुणालाही ठाऊक नसणारी गोष्ट ठाऊक असल्याचा गर्व. ‘नाही’ म्हणावे तर पापाची कबुली. ती म्हणाली त्याचा भावार्थ असा: नसेन तर देवाने मला तिथे नेऊन ठेवावे, असेन तर त्याने मला तिथेच राखावे. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या मुलीने उत्तर दिले नाही, प्रार्थना केली. तिला जाळण्यात आले. १९२० साली त्याच चर्चने तिला संत म्हणून जाहीर केले.

चर्चने अशी पुष्कळ माणसे स्वर्गात असल्याचे जाहीर केले आहे. पण अमुक एक माणूस नरकात गेला असे आजवर एकाही माणसाचे नाव घेऊन जाहीर केलेले नाही. सरांना ही गोष्ट फार महत्त्वाची वाटे. त्यांच्या मते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे आहेत. एका बाजूला निराशा: ‘माझं काही होणार नाही.’ दुसऱ्या बाजूला गृहीत धरणे: ‘माझं झालंच आहे.’ दोन्ही पापेच, कारण दोन्हींत माणूस निकाल आपल्या हाती घेतो. मधून जी पायवाट जाते तिचे नाव आशा. विश्वास आणि प्रीती यांच्या जोडीला तिसरा सद्गुण म्हणून तिला बसवले आहे ते उगाच नव्हे.

‘‘पण आशा म्हणजे अंधारातच चाचपडणं,’’ मी म्हणायचो. त्यावर ते मराठी बायबलातल्या एका शब्दाकडे बोट दाखवीत: विसार. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे, अशा अर्थाचे तिथे लिहिले आहे. आपण शेतीवाडीची माणसे. विसार म्हणजे काय हे सांगायला नको. बैल घ्यायचा असो की जमीन, विसार दिला म्हणजे देणाऱ्याने शब्द दिला. खरेदीखत व्हायचे असते, पण व्यवहार ठरलेला असतो. देणारा फिरणार नाही याची खात्री. घेणारा मोडील, हे मात्र होऊ शकते.

ल्यूथरच्या वारसांनी आणि कॅथलिक चर्चने ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्यामुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून मान्य केले. साडेचारशे वर्षांचे भांडण बरेचसे निवळले. तरी खानापूरच्या बसस्टँडवरचा प्रश्न शिल्लक राहिलाच. कारण तो प्रश्न पंडितांचा नाही. आपले काय होणार, हे आज, आत्ता, लेखी मिळावे असे प्रत्येकाला वाटते.

आपल्यालाही वाटते. इथून पुढे मला माझ्याविषयी लिहावे लागेल.

२००९ साली माझे वडील गेले. दहाव्या दिवशी मलप्रभेच्या काठी पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागलो. कावळे झाडावर होते, खाली उतरेनात. अर्धा तास गेला, तास गेला. ऊन चढले. चुलते पुटपुटू लागले, ‘‘आण्णांचं काहीतरी राहिलंय.’’ एकेक जण पुढे होऊन हात जोडून वचने देऊ लागला. काय राहिले होते ते मला ठाऊक होते. विहिरीकडचा वीस गुंठ्यांचा पट्टा धाकट्या बहिणीला द्यायचा, असे वडील शेवटची दोन वर्षे सांगत होते. तिच्या नवऱ्याचा धंदा बुडाला होता. मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, ‘‘आण्णा, विहिरीकडचा पट्टा ताईचा. काळजी करू नका.’’

कावळा शिवला. माणसांनी सुस्कारा टाकला. कुणीतरी म्हणाले, ‘‘सुटले.’’ बहीण पदराने डोळे पुसत होती.

आणि मी तो पट्टा दिला नाही. नाकारला असेही नाही. पहिल्या वर्षी वर्षश्राद्ध होऊ दे म्हटले. मग मुलाच्या इंजिनियरिंगची फी आली. मग वाटणीपत्राच्या सोयीसाठी म्हणून बहिणीने हक्कसोड लिहून दिली, तीही काही न बोलता. ‘‘दादा, तू करशील ते खरं,’’ एवढेच म्हणाली. मग उताऱ्यात चूक निघाली. कारणे खरी होती. म्हणूनच ती इतकी वर्षे पुरली. मनात खोल एक समजूतही होती: कावळा शिवला आहे. वडील सुटले आहेत. म्हणजे माझे वचन पोचले. वचन पोचल्याची पावती मिळाली, आणि वचन पाळायचे राहून गेले.

कावळ्याला मी दोष देत नाही. त्या विधीमागचे प्रेमही मला कळते. पण खात्रीचा कागद हाती पडला की माणूस काय करतो, ते मी स्वतःच्या हातांनी करून पाहिले आहे. सरांच्या ‘गृहीत धरणे’ या शब्दाने मी मधल्या सुट्टीत एकदा घास हातात धरून थांबलो, आणि त्या दिवशी त्यांना हे सगळे सांगून टाकले. ते काही बोलले नाहीत. उपदेशही केला नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात सर आजारी पडले. पोटाचा कर्करोग, तीन महिन्यांत आटोपले. बेळगावच्या इस्पितळात मी अधूनमधून जात असे. तो झोळीवाला मुलगा तिथे रोज रात्री असायचा. त्याने रक्त दिले, औषधांसाठी धावपळ केली, सरांच्या पत्नीला घरी झोपायला पाठवून स्वतः बाकावर रात्री काढल्या. तारणाचा प्रश्न त्याने पुन्हा विचारल्याचे मी ऐकले नाही. फादर येऊन तैलाभ्यंगाचा विधी करून गेले तेव्हा तो दाराशी हात बांधून उभा होता. त्या विधीवर त्याचा विश्वास उरला नव्हता, सरांवर होता.

एका संध्याकाळी सरांनी मला जवळ बोलावले. आवाज खोल गेला होता. ‘‘विहिरीकडच्या पट्ट्याचं झालं काय?’’

मी म्हणालो, ‘‘होतंय.’’

ते हसले. ‘‘माझं उत्तर चोरलंत.’’ मग थोडे थांबून, दम घेऊन म्हणाले, ‘‘मी ‘होतंय’ म्हणतो तेव्हा कुणीतरी करत असतं, सर. तुमच्यात कोण करतंय?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजवर मी मानत होतो की पक्क्या खात्रीत आळसाला जागा आहे आणि आशेत नाही. ते खोटे होते. ‘झाले’ म्हणून जसे झोपता येते, तसे ‘होतंय’ म्हणूनही झोपता येते, आणि ‘होईल’ म्हणून तर फारच छान. तिन्ही काळांचा उपयोग पळवाट म्हणून होऊ शकतो. शब्द कोणता काढला यावरून माणसाचे काही ठरत नाही. त्या शब्दाच्या मागे आज काही हलते आहे की नाही, एवढेच पाहायचे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. मेंढरे उजवीकडे, शेरडे डावीकडे. मी ते अनेकदा वाचले होते. सरांच्या जाण्यानंतर वाचले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. तिथे दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. उजवीकडचे विचारतात, प्रभो, आम्ही तुला केव्हा जेवू घातले? डावीकडचे विचारतात, आम्ही केव्हा नाही घातले? आपल्याविषयी ठाऊक असे कुणालाच नव्हते. भुकेल्याला मात्र ठाऊक होते.

मला वाटते, कॅथलिक उत्तरातला मर्म इथे आहे. माझे तारण झाले की नाही हे मला आत डोकावून नीटसे दिसत नाही. डोकावणाराही मीच आणि झाकणाराही मीच. देव विश्वासू आहे, एवढे पक्के धरावे आणि हातातले काम करावे. आपल्या वारकऱ्यांची वृत्तीही यापासून फार लांब नाही. तुकोबांनी मुक्तीचा हट्ट धरला नाही. देवाचा विसर पडू नये आणि संतांची संगत असावी, एवढेच मागितले आणि पुन्हा जन्माला यायची तयारी दाखवली. धर्म वेगळे, सिद्धांत वेगळे, ते एक आहेत असे मी म्हणणार नाही. पण निकालाचा कागद मागायचा नाही, ही अदब मात्र सारखी वाटते.

पट्टा २०२१ साली बहिणीच्या नावावर झाला. वडिलांना जाऊन बारा वर्षे झाली होती. सब-रजिस्ट्रार कचेरीतल्या कारकुनाने कन्नडमध्ये लिहिलेला दस्त वाचून दाखवला आणि मराठीत समजावून सांगितला. वर ठळक अक्षरांत लिहिले होते: दानपत्र. त्या शब्दाची मला जितकी लाज वाटली तितकी कशाचीच वाटली नाही. जे तिचेच होते ते मी तिला दान देत होतो, आणि माझ्या उदारपणाला दोन साक्षीदार होते. बहिणीने अंगठ्याची शाई पुसली आणि म्हणाली, ‘‘दादा, चहा घेऊया.’’ बारा वर्षांचा तिने उच्चारही केला नाही. त्या वर्षांत तिच्या मुलाचे शिक्षण बारावीवर थांबले होते. ते काही दस्ताने परत येत नाही. म्हणून हे प्रकरण मी ‘झाले’ या रकान्यात घालत नाही.

दर २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या मृतांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. गेलेल्या माणसाचेही ‘झाले’ असे ते पटकन म्हणून टाकत नाहीत. त्याला देवाच्या हाती सोपवतात आणि मागणे चालू ठेवतात. बहुधा दिवाळीच्या मागेपुढेच हा दिवस येतो. मीही एक मेणबत्ती घेऊन सरांकडे जाऊन येतो. मागच्या वर्षी तो मुलगा तिथे भेटला. आता मुलगा कसला, चाळिशीला आला आहे. त्याच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करीत नाहीत. तरी आला होता, आणि गवत उपटत होता.

परतताना बसस्टँडपर्यंत बरोबर चाललो. त्या पाटीखाली आल्यावर त्यालाही जुने आठवले असावे. थोडा लाजत म्हणाला, ‘‘सर, तुम्हाला कधी विचारलं नाही मी.’’

‘‘विचार.’’

‘‘तुमचं तारण झालंय काय?’’

मी हिंदू आहे. या शब्दाचा त्याच्या मनातला अर्थ माझा नाही. तरी टाळावेसे वाटले नाही. मी म्हणालो, ‘‘मला नाही सांगता यायचं. माझ्या बहिणीला विचारून बघ.’’